गुप्त वनपंथ गुप्त का असतो? (काल्पनिक राज्य रचताना पडलेला पेच)

दुर्वांकुर
दोन वर्षं एक कादंबरी रेटतेय. राज्य सगळं मनचं. नाव तमसाळ, पश्चिमेला समुद्र, पाठीशी घाट आणि मध्ये किर्र रान. त्या रानात 'मुळवे' नावाचे लोक आहेत. शपथ घेताना झाडाच्या उघड्या मुळावर हात ठेवतात, म्हणून मुळवे. राजाला आरमार बांधायचंय, रान पाडायचंय, म्हणून तो रानपूजेवर बंदी घालतो आणि मुळवे गुप्त होतात. अमावास्येला जमतात, खुणेसाठी तळव्यावर पानाचा डाग, वगैरे.

मैत्रिणीला पहिली आठ प्रकरणं वाचायला दिली. ती म्हणाली, "घोंगड्या पांघरून मशाली घेतलेले लोक आले की मला झोप येते." लागलं मनाला. पण माझं म्हणणं असं की मशाली काढता येतील, बंदी काढता येणार नाही. कुठलाही निसर्गपूजक पंथ मुळात उघडाच असतो. झाड काय लपवायची गोष्ट आहे? हुकूम निघतो तेव्हा तो लपतो.

पुरावा लांब शोधायला नको. गोव्यात 1736 साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, जाहीरनामा काढला, त्यात धर्मांतरित घरांना अंगणात तुळस लावायला बंदी होती. भात मीठ न घालता शिजवायलासुद्धा बंदी, कारण हिंदू तसा शिजवतात. विचार करा, पातेल्यातल्या मिठावरून माणूस पकडायचा! रोममध्ये इ.स.पू. 186 मध्ये द्राक्षांच्या देवाच्या, बाकसच्या भक्तांवर सिनेट उलटलं. त्या ठरावाचा ब्राँझचा पत्रा आजही व्हिएन्नाला आहे. पूजेला पाचांहून जास्त माणसं जमायची नाहीत, त्यातही पुरुष दोन आणि बायका तीन. जास्त जमायचं असेल तर सिनेटची परवानगी, तीही शंभर सभासद हजर असतील तेव्हाच.

अशा कलमांतून गुप्तपणा जन्मतो. पटतंय का?

वैतागवाडी
नाही. आणि मैत्रिणीशी सहमत.

राजा रानाचा वैरी, हे गृहीत कुठून आलं? आरमारच बांधायचंय ना, मग रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढून वाचा. आरमाराला लाकूड लागतं हे त्यात आहेच. पण आंबे-फणस रयतेने लेकरासारखी वाढवलेली झाडं आहेत, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहणार नाही, म्हणून त्यांना हात लावू नका, असंही आहे. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडा. हे राजाच्या बाजूने लिहिलेलं आहे, कुठल्या वनदेवीच्या पुजाऱ्याने नाही. तुमचा तमसाळचा राजा याच्यापुढे अगदीच बिनडोक वाटतो.

दुसरं, ज्यांच्यावर खरंच कुऱ्हाड आली ते लपले का? 1730 मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला महाराजा अभयसिंहाची माणसं राजवाड्याच्या चुनाभट्टीसाठी खेजडी तोडायला आली. बिश्नोई बायाबाप्ये झाडांना मिठी मारून उभे राहिले. 363 माणसं मेली, दिवसाढवळ्या. अमृतादेवीचं नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे ते ती लपली नाही म्हणून. तिथे तळव्यावर पानाचे डाग वगैरे कुणी काढत बसलं नव्हतं.

दुर्वांकुर
खेजडली माझ्या डोक्यात होतीच. पण मेलेल्या 363 जणांच्या पुढच्या पिढीचं काय, हा कादंबरीचा प्रश्न आहे. प्रत्येक गाव मिठी मारून मरायला तयार नसतं. उरलेले काय करतात?

वैतागवाडी
खेजडलीत उरलेले उघडपणे बिश्नोईच राहिले. दरबाराने झाडतोड थांबवली. उत्तर आलं असेल तर पुढे बोलू.

ताकपिठं
दोघांचंही चुकतंय असं नम्रपणे. तुम्ही दोघं गुप्तपणा बाहेरून आला की नाही यावर भांडताय. तो आतूनच असतो, हे कुणी बोलतच नाहीये.

आमच्या आजोळी एक म्हातारे कावीळ उतरवायचे. सकाळी अनशापोटी जायचं, ते रानातून पाला आणून रस द्यायचे. पाला कुठला, ते कधीच सांगितलं नाही. मामाने एकदा लपून मागे जायचं ठरवलं तर म्हातारा नुसता चालतच राहिला. तासभर. मग वळून म्हणाला, "तुला चालायची हौस फिटली असेल तर मी आता कामाला लागतो." नाव सांगितलं की गुण जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर कुठल्या राजाने बंदी घातली होती?

गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या) ड्रुइड पुरोहितांबद्दल ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय की काहीजण वीस-वीस वर्षं शिकायचे आणि सगळं तोंडपाठ. लिहिता येत नव्हतं असं नाही, बाकीच्या व्यवहाराला ग्रीक अक्षरं वापरायचे. विद्या मात्र लिहायची नाही. सीझर त्याची दोन कारणं देतो. विद्या चारचौघांत पसरू नये, आणि लिहून ठेवलं की पाठांतर सुटतं. हे रोमने त्यांच्या देवराया तोडण्याच्या कितीतरी आधीचं. वेल्सजवळच्या मोना बेटावरच्या राया पडल्या त्या इ.स. 60-61 च्या सुमारास.

तेव्हा दुर्वांकुरताई, मुळव्यांकडे असं काहीतरी द्या जे त्यांना स्वतःलाच कुणाला सांगायचं नाहीये. राजाला माहीत असलं तरी चालेल की ते आहेत. त्यांना काय माहीत आहे, ते त्याला कळता कामा नये. तिथे गोष्ट आहे.

वैतागवाडी
सीझर म्हणजे फिर्यादी. त्याची साक्ष किती धरायची?

ताकपिठं
फिर्यादीने आरोपीचं कौतुक केलं असेल तर तेवढं धरायला हरकत नसावी.

आळूचं फदफदं
फिर्यादीवरून आठवलं. ताकपिठं, तुमचं निम्मं पटलं, पण या सगळ्या विषयात एक मोठा खड्डा आहे आणि तिघंही त्याच्या काठावर उभे आहात.

'ख्रिस्ती राजवटीच्या पोटात एक जुना निसर्गपंथ शतकानुशतकं गुप्तपणे जिवंत होता' ही जी कल्पना आज प्रत्येक अद्भुत कादंबरीत असते, ती मार्गारेट मरे या विदुषीने 1921 मध्ये जोरात मांडली. युरोपातल्या चेटकिणी म्हणजे त्या पंथाच्या भक्तिणी, असं. इतिहासकारांनी ती केव्हाच निकालात काढली. गंमत अशी की तोवर लोकांना ती इतकी आवडली होती की विसाव्या शतकाच्या मध्यावर विक्का नावाचा नवा पंथच तिच्यावर उभा राहिला. म्हणजे पंथ आधी पुस्तकात आला आणि मग रानात गेला!

याहून सुरस गोष्ट ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीची. 1575 नंतर तिथल्या चौकशी न्यायालयापुढे काही शेतकरी आले. ते स्वतःला बेनान्दान्ती म्हणजे 'भलं करणारे' म्हणवायचे. जन्मताना डोक्यावर गर्भाच्या पिशवीचा पातळ पडदा घेऊन आलेली माणसं. वर्षातून चार वेळा, ऋतू पालटताना, झोपेत त्यांचा आत्मा बाहेर पडायचा आणि चेटक्यांशी लढायचा. यांच्या हातात बडीशेपेची ताटं, त्यांच्या हातात ज्वारीसारख्या धान्याची. हे जिंकले तर पीक चांगलं, ते जिंकले तर दुष्काळ. हे लोक बेधडक सांगत होते की आम्ही देवाच्या बाजूने लढतो. चौकशी करणाऱ्यांच्या डोक्यात मात्र चौकट एकच, रात्री जमणारे ते सैतानाचे. विचारत राहिले, विचारत राहिले. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच बेनान्दान्तींची पोरंनातवंडं कबूल करू लागली की होय, आम्ही चेटके.

म्हणून माझं मत: तुमच्या कादंबरीत मुळवे असा पंथच नसावा. तो राजाच्या अमात्याच्या दप्तरात असावा. गावोगावचे वेगवेगळे लोक, कुणी वडाला दोरा बांधतंय, कुणी वारुळाला दूध ठेवतंय, कुणी पाला तोडण्याआधी झाडाची माफी मागतंय. अमात्य त्या सगळ्यांची एक मोट बांधतो आणि तिला नाव देतो. दहा वर्षांनी ते लोकही स्वतःला मुळवे म्हणायला लागतात.

दुर्वांकुर
हे भयंकर चांगलं आहे आणि मला आठ प्रकरणं फाडावी लागणार.

ताकपिठं
फाडू नका, अमात्याच्या दप्तरात घाला. त्याची टिपणं म्हणून खपतील. मशालींसकट.

मधली सुट्टी
उशिरा आले. वाचत होते तेव्हापासून हात शिवशिवतायत, कारण चौघांनीही देवराई लांबूनच पाहिलेली दिसतेय. माझं माहेर सिंधुदुर्गात, रायीला लागून घर. तर जरा जवळून सांगते.

आमच्या रायीत पाषाण आहेत, एक वारूळ आहे, तीच आमची सातेरी देवी. देऊळ नाही म्हणण्याइतकंच होतं, चार खांब आणि कौलं. चपला बाहेर. सुकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही. मी सातेक वर्षांची असताना पावसात रायीतला जुना फणस वाटेवर आडवा पडला. लोकांना शेताला जायला दुसरी वाट नाही. तर गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मानकऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. सगळे ताटकळत उभे. उजवी पडली तर झाड हलवायचं. पडली डावी. मग काय, वाटच फणसाला वळसा घालून गेली. अजून तशीच आहे. फणस कधीच वाळवीने खाल्ला, तिथे काहीच नाहीये, तरी माणसं वळसा घेऊन जातात. माझ्या सासरच्या लोकांना ते बघून हसू आवरत नाही.

यात गुप्त काहीही नव्हतं. भीती होती. राखणदाराची आणि सर्पाची. वैतागवाडींना 'उघडा पंथ' हवाय ना, तो असा उघडा असतो: भीती सगळ्यांना ठाऊक आणि कारण कुणालाच ठाऊक नाही. आणि तो गोग्गोडही नसतो. ठरावीक दिवसांत बायकांनी रायीच्या कडेनेसुद्धा जायचं नाही. गाऱ्हाणं कुणी घालायचं, कौल कुणी मागायचा, मान आधी कुणाचा, यावर दोन घराण्यांत कोर्टकचेऱ्या. तुमच्या मुळव्यांत सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात का? म्हणत असतील तर कापा ते.

आता मुद्द्याचं. रायी कुणी तोडली? राजा नव्हता, पोर्तुगीज नव्हते, खाणवालेही आमच्याकडे आले नव्हते. देवीचा जीर्णोद्धार निघाला. सभामंडप, फरशी, कळस. पैसा कुठून आणायचा? झाडं विकली. कौल लावून विकली! पाकळी उजवी पडली. ज्यांनी एका मेलेल्या फणसासाठी वाट वळवली होती, त्यांनीच. आता सातेरीचं वारूळ काचेमागे आहे, डोक्यावर स्लॅब आणि पंखा. कोकणात एकट्या आमच्या गावात झालंय असंही नाही. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली, मनापासून काढली. माझ्या वडिलांची पावतीही घरात आहे.

वैतागवाडी
हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. तरी एक विचारतो. भीती होती तोवर राय टिकली असं म्हणताय, मग भीती गेली कशी?

मधली सुट्टी
कुठे गेली? भीती आहे तशीच आहे. फक्त आता ती देवळात राहायला गेली आणि झाडं मोकळी झाली. तोडायला मोकळी.

आळूचं फदफदं
+१. अवांतर: वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून नोंदल्या म्हणून निदान आपल्याला कळतंय की काय होतं. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राय अजून उभी आहे, तिच्यात जायफळाच्या जातीच्या झाडांची दलदल आहे, मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली. दुर्वांकुर, शपथ घ्यायला मूळ हवंय ना तुम्हाला? ते बघून या.

ताकपिठं
मुद्दा सोडायचा नाही म्हणून सांगतो, मधली सुट्टी यांच्या गोष्टीतही एक गुपित आहेच. पाकळी उजवी पडावी म्हणून ती कशी चिकटवायची, ते गुरवाला माहीत असणार.

मधली सुट्टी
आमचे गुरवकाका तुमचं हे वाचत नाहीत ते बरंय. पण हो. डाव्या बाजूला पाणी जास्त लावायचं की उजव्या, यावर आमच्या आजीचं ठाम मत होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

दुर्वांकुर
सगळ्यांचे आभार, विशेषतः झोप उडवल्याबद्दल.

बंदीचा माझा हट्ट पूर्ण सोडत नाही. तुळशीचा आणि बिनमिठाच्या भाताचा प्रसंग मला कुठेतरी हवाच आहे, तो मी समुद्राकाठच्या भागात नेईन. पण तमसाळचा राजा आता बंदी घालत नाही. तो रानाच्या दर्शनाला येतो, चपला काढतो, पाषाणापुढे लोटांगण घालतो आणि जाताना मुळव्यांना देवळासाठी सोन्याची थैली देऊन जातो. नुसतं सोनं पुरत नाही. लाकूड लागतं. थोडंच. त्या रात्री कौल लावायला जमतात तेव्हा कुणाच्याही अंगावर घोंगडी नाही, सगळे नवे कपडे घालून आलेत. आणि म्हातारी गुरवीण ओल्या बोटांनी पाकळी हातात घेऊन उभी आहे.

वैतागवाडी, गुरव बाई असू शकते का, यावर आता नवा धागा काढू नका.

वैतागवाडी
काढलाय.