मैलागाळावर संशोधन: कायम नोकरी नसताना निधीसाठी अर्ज कुठे करावा?

कृष्णाकाठ
नमस्कार. सेप्टिक टाकीतील मैलागाळ आणि त्यातील जंतांची अंडी या विषयावर गेल्या वर्षी माझी पीएच.डी. पूर्ण झाली. लहान नगरपालिकांच्या हद्दीत उपसलेला गाळ शेतात जाण्यापूर्वी कितपत निर्धोक करता येतो, हे मला पुढे अभ्यासायचे आहे. 'प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट'मध्ये तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत निधी मिळतो, परंतु त्यासाठी संस्थेत नियमित नेमणूक लागते. माझी नेमणूक प्रकल्पापुरती, अकरा महिन्यांची आहे. वय ३१. एका मुलाखतीत मला "हे तर नगरपालिकेचे काम, यात विज्ञान काय?" असे विचारले गेले आणि ते मनाला फार लागले. अर्ज कुठे करावा व कसा मांडावा?

निवळी
वय पाहता सर्वांत आधी इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपची जाहिरात पाहा. पाच वर्षे मानधन आणि दरवर्षी ७ लाखांचा संशोधन निधी असे तिचे स्वरूप आहे. कायम नोकरीची अट नाही, मात्र यजमान संस्थेची, म्हणजे जिथे संशोधन करायचे त्या संस्थेची, संमती लागते आणि खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३२ ची असल्याने आपल्याला वेळ दवडून चालणार नाही. नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते आणि तीत संशोधनासाठी वर्षाला २ लाखच मिळतात. यजमान प्रयोगशाळेत सेंट्रीफ्यूज (नमुना वेगाने फिरवून त्यातील घटक वेगळे करणारे यंत्र) व सूक्ष्मदर्शक आधीपासून असतील तरच तेवढ्यात भागेल.

मु. पो. सातारा
"यात विज्ञान काय" याचे उत्तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात द्यावे, असे मला वाटते. बहुतेक गावांत टाकी तुंबल्याशिवाय कोणी गाळ उपसणारी गाडी बोलावत नाही, त्यामुळे गाडीतला गाळ दोन वर्षांचा की पंधरा वर्षांचा, हे सांगता येत नाही. वाई नगरपालिकेने मात्र प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरल्या वेळी उपसण्याची पद्धत सुरू केली, आणि तो गाळ रोज ७० हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. अशा ठिकाणी गाळाचे वय माहीत असते. म्हणजे वय वाढते तशी जंतांची जिवंत अंडी किती घटतात, हा नीट मोजता येणारा प्रश्न आपल्या हाती येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील मर्यादा, म्हणजे एक ग्रॅम कोरड्या गाळात एकाहून कमी अंडे, हे आपले माप धरावे.

अंदाजपत्रकाबद्दलही कळकळीने सांगतो. गाडी रिकामी होताना सुरुवातीला एक, मध्ये दोन आणि शेवटी एक असे चार नमुने घेऊन एकत्र करावे लागतात, कारण वरचे पाणी आणि तळचा गाळ यांत फार फरक असतो. झिंक सल्फेटच्या द्रावणात तरंगून वर आलेले अंडे दिसले, तरी ते जिवंत आहे की नाही हे कळायला सुमारे चार आठवडे उबवून आत अळी तयार होते का, ते पाहावे लागते. हा वेळ वेळापत्रकात दाखवला नाही, तर पहिल्याच प्रगती अहवालात आपण मागे पडल्यासारखे दिसते. आपल्याला आणि गाडीवरच्या कामगारांना हिपॅटायटिसची लस, हातमोजे, गमबूट हा खर्च 'किरकोळ' या सदरात दडवू नये, स्वतंत्र लिहावा.

कृष्णाकाठ
आपल्या दोघांचेही मनापासून आभार. गाळाच्या वयाचा मुद्दा माझ्या प्रबंधात होता, पण तो मी चौथ्या प्रकरणात टाकला होता. आता तोच पहिल्या परिच्छेदात घेते. नमुने घेण्याच्या परवानगीसाठी मुख्याधिकाऱ्यांना सोमवारी पत्र देणार आहे.