लिव्हरच्या आजारात विसराळूपणा, चिडचिड, उलटीपालटी झोप: सल्ला हवा आहे

निळीशाई

नमस्कार मंडळी.

माझ्या मोठ्या भावाला (वय ५४) लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर खराब होऊन घट्ट होत जाण्याचा आजार आहे. मधुमेह जुना, त्यातून फॅटी लिव्हर आणि पुढे हे. दारूला त्याने आयुष्यात हात लावलेला नाही. पोटात पाणी होतं म्हणून लघवी होण्याच्या गोळ्या चालू आहेत.

गेल्या काही महिन्यांत दादा बदललाय. हिशेबात पक्का माणूस, पण आता साध्या वजाबाकीला अडतो. दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा. सही वेगळीच दिसायला लागली आहे. क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो, आणि तासाभराने आपण चिडलो होतो हेच त्याला आठवत नाही. मध्येच एक-दोन दिवस अगदी पूर्वीसारखा वागतो, तेव्हा आम्हाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

वहिनीला वाटतं हे नैराश्य आहे. जीभ जड झाल्यासारखी बोलतो म्हणून नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की हा लपून पितो. ते त्याच्या कानावर गेलं आणि तो फार दुखावला. तपासणीला तो एकटाच जातो आणि 'सगळं ठीक आहे' असं सांगून येतो.

लिव्हरमुळे मेंदूवर एवढा परिणाम होतो का? मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं की लिव्हरच्या? रात्री झोप लागावी म्हणून गोळी दिली तर चालेल का? आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून वहिनीने डाळी, अंडी, मांस सगळं बंद केलंय, ते योग्य आहे का?

रानवाट

आधी एक: झोपेची गोळी देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आजच लक्षात ठेवा.

माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. लिव्हर बिघडल्यामुळे मेंदूवर होणाऱ्या या त्रासाला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. लिव्हरच्याच डॉक्टरांना दाखवा आणि वहिनींना बरोबर पाठवा. या आजारात रुग्णाला स्वतःतला बदल सहसा जाणवत नाही. 'सगळं ठीक आहे' हे तो मनापासूनच सांगत असतो, पण ते खरं नसतं.

पोटविकार_विभाग

मी पोट आणि लिव्हरच्या रुग्णांवर उपचार करतो. इथे वाचून निदान करता येणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन गांभीर्याने घ्यायला हवं असंच आहे.

आतड्यातले जीवाणू अन्नातल्या नत्रयुक्त पदार्थांपासून अमोनिया तयार करतात, थोडा आतड्याच्या पेशींतही बनतो. आतड्याकडून येणारं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं आणि तिथे अमोनियाचं युरियात रूपांतर होतं. सिरॉसिसमध्ये दोन गोष्टी बिघडतात. लिव्हरच्या पेशींची ताकद कमी होते, आणि लिव्हर घट्ट झाल्यामुळे रक्त आडवाटेच्या शिरांतून लिव्हरला वळसा घालून थेट शरीरभर जातं. तो अमोनिया मेंदूत पोचतो. तिथे अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी त्याचं ग्लुटामिन करतात, आणि ग्लुटामिन साठलं की पाणी ओढून घेऊन फुगतात. शरीरात कुठे संसर्ग किंवा दाह असेल तर तेवढाच अमोनिया मेंदूला जास्त बाधतो.

या त्रासाच्या पहिल्या पायरीवर लक्ष टिकत नाही, बेरीज-वजाबाकी चुकते, झोपेचं वेळापत्रक उलटं होतं. दुसऱ्या पायरीवर वार-तारीख कळत नाही, स्वभाव पालटतो, हात पुढे करून पंजे मागे वाकवायला सांगितले की ते फडफडतात. तिसऱ्यावर रुग्ण गुंगीत जातो, चौथी म्हणजे कोमा. या सगळ्याआधी एक छुपी अवस्था असते. तिच्यात गप्पा मारताना माणूस ठीक वाटतो, पण खास चाचण्यांत त्याचा वेग मंदावलेला दिसतो. सिरॉसिसच्या रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के लोकांना कधी ना कधी उघड त्रास होतो, म्हणजे तुमच्या घरी काही विचित्र घडतंय असं मुळीच नाही. आणि दारूचा याच्याशी संबंध असलाच पाहिजे असंही नाही. लिव्हर कशामुळेही खराब झालेलं असो, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. हे नातेवाइकांना स्पष्ट सांगा.

आता महत्त्वाचं. एवढे दिवस ठीक असलेला रुग्ण अचानक बिघडला तर बहुतेक वेळा मागे काहीतरी निमित्त सापडतं. बद्धकोष्ठ, ताप किंवा संसर्ग (विशेषतः पोटातल्या पाण्यात झालेला), अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होणं, झोपेची किंवा अफूवर्गातली वेदनाशामक औषधं. तुमच्या भावाच्या बाबतीत माझं लक्ष लघवीच्या गोळ्यांकडे जातं. त्यांनी सोडियम-पोटॅशियम घसरू शकतं, आणि पोटॅशियम कमी झालं की मूत्रपिंडं स्वतःच जास्त अमोनिया तयार करतात. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतील.

रक्तातला अमोनिया वाढला म्हणजे हेच निदान, असं धरू नका. तो नमुना नीट हाताळला नाही तरी आकडा वाढतो. अमोनिया अगदी नॉर्मल आला तर मात्र दुसरं कारण शोधावं लागतं: मधुमेहाच्या औषधांनी साखर खाली जाणं, पडल्यामुळे डोक्यात झालेला रक्तस्राव, थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) कमतरता. तरुण रुग्ण असता तर विल्सन आजाराची, म्हणजे शरीरात तांबं साठण्याच्या आजाराची तपासणीही मी आवर्जून सुचवली असती.

निळीशाई

इतकं सविस्तर कुणीच समजावलं नव्हतं, खूप आभार. एक विचारते. दादाला मागे लॅक्ट्युलोजचं सिरप दिलं होतं. पोट साफ होण्याचं औषध म्हणून तो कधी घेतो, कधी नाही. 'मला बद्धकोष्ठ नाही' म्हणतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

पोटविकार_विभाग

थेट संबंध आहे. ते त्याच्या मेंदूसाठीच दिलेलं असणार. लॅक्ट्युलोज पचत नाही, मोठ्या आतड्यात जीवाणू ते आंबवतात, तिथलं वातावरण आम्लधर्मी होतं आणि अमोनिया रक्तात न शिरता शौचावाटे बाहेर पडतो. रोज २ ते ३ वेळा मऊ शौचाला व्हावं एवढी मात्रा हवी. त्याहून कमी झालं तर औषध अपुरं पडतंय. पाण्यासारखे जुलाब होत असतील तर मात्रा जास्त आहे, आणि त्यातून शरीरातलं पाणी कमी होऊन गोंधळ आणखी वाढू शकतो. मात्रा कशी कमी-जास्त करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तरीही पुन्हा त्रास झाला तर रिफॅक्सिमिन जोडतात. हे प्रतिजैविक आतड्यातच काम करतं, रक्तात फारसं शोषलं जात नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सहा महिन्यांत पुन्हा झटका (म्हणजे मेंदूचा उघड त्रास) येण्याचं प्रमाण हे औषध घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत ४६ टक्के. दोन्ही गटांतले बहुतेक जण लॅक्ट्युलोज घेतच होते.

सकस

आहारतज्ज्ञ आहे. प्रथिनं बंद करण्याचा सल्ला जुना आहे आणि त्याने नुकसान होतं, म्हणून वहिनींना हे जरूर वाचायला द्या.

लिव्हर थकलं की अमोनिया काढून टाकण्याचं बरंचसं काम स्नायूंवर येतं. प्रथिनं तोडली की स्नायू झडतात आणि तोही आधार जातो. रोज वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. पोटात पाणी असेल तर काट्यावरचं वजन धरू नका, आहारतज्ज्ञ अंदाज काढून देतील. वनस्पतीजन्य आणि दुधातली प्रथिनं या रुग्णांना जास्त मानवतात, पण मांस सोसत असेल तर तेही वर्ज्य नाही.

दुसरं म्हणजे उपास नको. थोडं थोडं, अनेकदा, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाऊनच झोपायचं. सिरॉसिसच्या रुग्णाचं शरीर एका रात्रीच्या उपाशीपणातही स्नायू मोडून ऊर्जा काढायला लागतं. मधुमेह आहे म्हणून हे रात्रीचं खाणं काय असावं ते विचारून ठरवा.

हिरवीपालवी

लिव्हर शुद्ध करणारे काढे आणि चूर्णं मिळतात, ती करून पाहिलीत का? आमच्या ओळखीत गुण आला.

पोटविकार_विभाग

कृपया नको. वनौषधींमुळेही लिव्हरला इजा होते, आणि मुळात कमजोर लिव्हरला ती झेपत नाही. जे काही देणार असाल ते आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. डोकेदुखी-अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही टाळा.

कोराकागद

नवऱ्याच्या आजारपणात मला सगळ्यात कामी आली ती एक वही. रोज चारच गोष्टी लिहायच्या: शौच किती वेळा, लॅक्ट्युलोज किती, झोप कधी, आणि आज वागण्यात काय वेगळं वाटलं. शेवटी त्यांच्याकडून तारीख आणि सही. हस्ताक्षर बिघडायला लागलं की मला त्यांच्या बोलण्याआधी कळायचं. डॉक्टरांनी ती पानं चाळूनच मात्रा बदलली होती.

घरी करता येईल अशी एक सोपी चाचणी डॉक्टरांनीच सांगितली होती. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगायची. १० पेक्षा कमी आली तर शंका बळावते, १५ किंवा जास्त आली तर सहसा काळजी नसते. हे निदान नाही, पण आपल्याच माणसाचा आधीचा आणि आताचा आकडा ताडून पाहता येतो.

आणि गाडी! दादा गाडी चालवत असतील तर डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवा. छुप्या अवस्थेतही प्रतिक्रिया मंदावते. आमच्याकडे हा विषय सगळ्यात कठीण गेला, कारण किल्ली काढून घेणं म्हणजे विश्वास काढून घेणं असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी त्यांना थेट सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं. बँकेचे व्यवहार, औषधांच्या वेळा यांवरही दुसऱ्या कुणाची नजर असू द्या.

जिज्ञासू

थोडं अवांतर. हे कोडं जुनं आहे. १८९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून आतड्याचं रक्त लिव्हरला टाळून पुढे नेलं. मांस खाल्ल्यावर ती कुत्री बेचैन आणि बेभान झाली. प्रथिनं तोडण्याचा सल्ला बहुधा याच जुन्या निरीक्षणाच्या आधारे इतकी वर्षं टिकला.

सावरतोय

मी स्वतः रुग्ण आहे. बाहेरून सगळे लिहितात, म्हणून आतून कसं असतं ते सांगतो.

वाक्य सुरू केलं की शेवटापर्यंत धरून ठेवता येत नाही. दोन माणसं एकदम बोलली की काहीच कळत नाही. आपण मंद झालोय हे कधी जाणवतं, कधी नाही, पण लोकांच्या चेहऱ्यावरची अधीरता प्रत्येक वेळी कळते. चिडचिड बरीचशी त्यातून येते. तुमच्या दादाला चारचौघांत 'आज वार कोणता' असं विचारू नका. एकांतात विचारा, आणि कशासाठी विचारताय ते आधी सांगा. झटका येऊन गेल्यावर घरच्यांनी मला आजाराचं नाव सांगितलं, मी काय बोललो-वागलो ते न दडवता सांगितलं. त्याने वाईट वाटलं, पण मन हलकं झालं, कारण तो माझा स्वभाव नव्हता हे मला कळलं. तेव्हापासून सिरप चुकवलं नाही.

उपचारांनंतर बराच फरक पडला आहे. पूर्वीइतका झरझर नाही, पण वाचतो, लिहितो, हा प्रतिसादही मीच लिहिलाय.

निळीशाई

तुमचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'हे असंच होतं.' वहिनी या आठवड्यात त्याच्याबरोबर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. वही सुरू केली, प्रथिनं आजपासून पुन्हा चालू. नातेवाइकांना मी स्वतः फोन करून सांगतेय.

एकच शेवटचं: तोपर्यंत कशावर लक्ष ठेवू? आणि लिव्हरच्या प्रत्यारोपणाबद्दल आत्ताच विचारावं का?

पोटविकार_विभाग

विचाराच. पहिला उघड झटका येऊन गेला की रुग्ण प्रत्यारोपणाला योग्य आहे का याची तपासणी करायला हवी, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रत्यारोपणानंतर मेंदूचं काम बऱ्याच जणांत सुधारतं, क्वचित थोडी उणीव राहते.

तोपर्यंत हे लक्षात ठेवा: ताप, पोटदुखी, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, डोक्यावर पडणं, हाक मारल्यावर नीट जागं न होणं. यातलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. गुंगीत असेल तर तोंडाने सिरप किंवा पाणी पाजायला जाऊ नका, श्वासनलिकेत जाईल. मधुमेह आहे, म्हणून निघताना साखर मोजून आकडा लिहून घ्या आणि चालू औषधं पिशवीसकट सोबत न्या.