कवलापूरची धावपट्टी आणि ‘युद्धातले तळ बघा’ हा युक्तिवाद

हरिपूरकर : रविवारी सांगलीजवळच्या कवलापूरला गेलो होतो. जुन्या धावपट्टीवर एक बाप पोरीला स्कूटी शिकवत होता, पलीकडं मेंढरं चरत होती. मीही राजदूत फटफटी तिथंच शिकलो. आता भेगांतनं बाभळी वर आल्यात. इथं विमानतळ का होऊ नये? युद्धातले तळ बघा. मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला रॉयल एअर फोर्सचा तळ. जुहूच्या विमानतळावर पावसाळ्यात पाणी तुंबायचं, त्यामुळं युद्धानंतर मुंबईची प्रवासी विमानं सांताक्रूझला आली. पुण्याचं लोहगाव १९३९चं, मुंबईच्या रक्षणासाठी बांधलेलं. शिकागोच्या विमानतळाची तिकिटावरची खूण आजही ‘ओआरडी’, कारण तिथल्या ऑर्चर्ड प्लेस वस्तीजवळ युद्धात लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना होता. जगानं लढाईच्या उरल्यासुरल्यातून विमानतळ उभे केले आणि आपल्याला आयती धावपट्टी असून जमंना?

अंकली_फाटा : झारखंडमधलं चाकुलिया ऐकलंय का? १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बर तिथनं उडायची. धावपट्टी अजून आहे, नियमित प्रवासी विमान नाही. सांताक्रूझच्या शेजारी मुंबई होती हो! आपल्याकडनं काय उडवणार, हळद? बेदाणा? बेदाण्याला कसली घाई? द्राक्षंसुद्धा वातानुकूलित कंटेनरमधनं बोटीनं युरोपात जातात. माणसांसाठी कोल्हापूरचा विमानतळ पन्नासेक किलोमीटरवर आहे. त्यापेक्षा रस्ता नीट करा.

मिरज_जंक्शन : शेजारी मुंबईच पाहिजे असं कुठाय? त्रिपुरातलं आगरतळा बघा. महाराजा बीर बिक्रम यांनी जागा दिली, १९४२ला तळ झाला, युद्धात अमेरिकी विमानं उतरली. आज राज्याचा मुख्य विमानतळ तोच, नावही महाराजांचंच. आपणही संस्थानी मुलूखच की.

अंकली_फाटा : आगरतळ्याला रेल्वे पोचली २००८ मध्ये! कोलकात्याला रस्त्यानं जायचं तर अख्ख्या बांगलादेशाला वळसा. तिथला माणूस विमानात बसला त्यात नवल ते काय? आणि हे सांगतंय कोण, तर ‘मिरज जंक्शन’. धन्य आहे बाबा तुझी.

कोयनाकाठ : कराडातनं लिहितोय. आमची धावपट्टी युद्धातली नाही, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. ती वाढवायची म्हटली की वारुंजी, केसे, मुंढ्याची बागायत जाते. लोक इतकी वर्षं विरोध करतायत ते हौस म्हणून नाही. युद्धातल्या तळांचं कौतुक करताना जमीन कशी घेतली तेही सांगा. लंडनच्या हीथ्रो विमानतळासाठी भाजीपाल्याची शिवारं १९४४ साली युद्धकाळातले खास अधिकार वापरून घेतली, वायुसेनेला पाहिजेत म्हणून. हवाई खात्याचे तेव्हाचे उपमंत्री हॅरॉल्ड बाल्फर यांनी पुढं आत्मचरित्रात कबूल केलं, की मनात पहिल्यापासून प्रवासी विमानतळच होता. युद्ध नसतं तर सुनावण्या झाल्या असत्या. आज आमच्याकडं निदान हरकत तरी नोंदवता येते.

हरिपूरकर : कराडचं मान्य. पण कवलापूरची जागा सरकारीच आहे, कुणाचा ऊस मोडायचा नाही. लष्करानं बांधलं म्हणून लोहगाव मिळालं, हे तरी खरं की नाही?

जुना_फिटर : लोहगावला वायुसेनेत नोकरी केली, आता कोल्हापुरात असतो. ‘मिळालं’ म्हणू नका, भाड्याच्या खोलीसारखं आहे ते. मालक वायुसेना. धावपट्टी एकच, २५३५ मीटर. २०२१च्या ऑक्टोबरात तिच्या डागडुजीसाठी चौदा दिवस पुण्यातली सगळी प्रवासी विमानं बंद होती. दुसरं असं, की त्या काळातली विमानं हलकी, आडवा वारा त्यांना सोसायचा नाही. म्हणून कितीतरी तळांवर वेगवेगळ्या दिशांना तीन आखूड पट्ट्या असायच्या, वारा येईल त्या तोंडाची पट्टी धरायची. जेट आल्यावर एकच लांब पट्टी लागायला लागली. ज्या तळाच्या टोकाला रान मोकळं होतं तो वाढला, बाकीचे गेले. डांबर काय, उकरून परत घालता येतं. ७० आसनी एटीआर विमानालासुद्धा पूर्ण भारानं उडायला १३०० मीटरच्या वर लागतं. हरिपूरकर, तुमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना काय आहे? विजेच्या तारा? घरं? ओढा?

हरिपूरकर : इतकं बघितलं नाही, काका. एका टोकाला वस्ती वाढल्यागत वाटली खरी.

जुना_फिटर : मग या रविवारी फीत घेऊन येतो. दोघं मिळून मोजू.

अंकली_फाटा : कोल्हापूरहून? रस्त्यानं? मग शनिवारीच निघा, काका.