बाळंतपणाच्या रजेचा हिशोब – अनुभव टाका

पगारपत्रक: भाचीने रजेच्या पगाराचा कागद पाठवला आणि जुन्या फायली आठवल्या. 26 आठवडे सगळ्यांना पाठ असतात, गाडी अडते ती आकडेमोडीत. दिवसाचा पगार 600 रुपये असेल तर 182 दिवसांचे 1,09,200 होतात. क्लार्क रविवार गाळून 156 दिवस धरतो, हातात पडतात 93,600. कोइमतूरकडच्या मळ्यातल्या कामगार बाईच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1977 लाच सांगितलंय, रविवार धरायचे. तुम्ही काय पाहिलंत?

सांजवेळ: वाचतेय. कुकर लावून येते.

नाशिकचा_नाना: 80 दिवसांचं लिहा कुणीतरी. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मागचे 12 महिने बघायचे, त्यात 80 दिवस काम हवं. भरपगारी सुट्ट्याही त्यात मोजतात. एचआरवाले रजेच्या अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात, तिथेच पोरी बाद होतात.

मीठमिरची: पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे कंपनीकडे मागूच नका, ते ईएसआय देतं. आधीच्या दोन अंशदान काळांत (विम्याची वर्गणी भरायचे सहा-सहा महिने) मिळून 70 दिवसांचं अंशदान लागतं. एप्रिल ते सप्टेंबर एक, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. ठेकेदाराने मधले महिने भरलेच नसतील तर बोंब. पोर्टलवर आधीच बघून घ्या.

सांजवेळ: आले. तिसऱ्याला किती?

नाशिकचा_नाना: दोन मुलं हयात असतील तर 12 आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त 6. पहिल्या दोघांच्या वेळी 26 पैकी प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8.

रिकामटेकडा: आणि बापाला? 😀

पगारपत्रक: खासगीत कायद्याने शून्य, कंपनीची मर्जी. केंद्र सरकारी नोकराला 15 दिवस, तेही सहा महिन्यांत घ्यायचे, नाहीतर बुडाले.

रिकामटेकडा: म्हणजे बारशाला बॉसला बोलवायचं आणि तिथेच रजा मागायची.

मीठमिरची: 😂 नाना, पाळणाघराचं काय? आमच्याकडे म्हणतात, बायका 30 च आहेत, लागू नाही.

नाशिकचा_नाना: सपशेल चूक. बाया-पुरुष मिळून 50 कर्मचारी झाले की पाळणाघर हवंच. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं, जेवणाची सुट्टी त्यातच धरतात. नेमणुकीच्या वेळी हे सगळं लेखी द्यावं लागतं. तुमचं नेमणूकपत्र काढून बघा आधी.

सांजवेळ: बघते. शिट्ट्या झाल्या.