प्रवासी गाडीत दुसरी लिथियम बॅटरी: जुना रिले चालेल की डीसी-डीसी चार्जर हवाच?

प्रश्न

मुक्कामी प्रवासासाठी मी गाडीच्या मागच्या भागात १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज बसवला आहे. आजवर तो गाडीच्या मूळ बॅटरीवरच चालत होता. परंतु दोनदा सकाळी गाडी सुरूच न झाल्यामुळे आता ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी स्वतंत्रपणे बसवायचे ठरवले आहे. कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो आणि दिवसातला साधारण एक तृतीयांश वेळ चालतो, म्हणजे ३२ अँपिअर-तास. दिवे आणि मोबाइल धरून रोजचा खप ४०पर्यंत जातो. व्होल्टेज वाढले की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा एक रिले पूर्वीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीपासून माझ्याकडे पडून आहे. तो वापरता येईल का? बॅटरी बॉनेटखाली बसत असल्याने वायरही हातभरच लागेल, हा मोह आहेच.

प्रतिसाद १

रिले आणि बॉनेट, दोन्हींचा मोह टाळावा असे माझे मत आहे.

आपला रिले व्होल्टेज पाहून निर्णय घेतो: साधारण १३.३ व्होल्टच्या वर जोडायचे आणि १२.८च्या खाली तोडायचे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे व्होल्टेज इंजिन बंद झाल्यावर उतरते, म्हणून तिथे हे जमते. भरलेली लिथियम बॅटरी मात्र स्वस्थ असतानाही १३.२ ते १३.३ व्होल्टवर टिकून राहते. त्यामुळे इंजिन बंद झाल्याचे रिलेला कळतच नाही आणि रात्रभर दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहू शकतात. याशिवाय लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने रिकामी झालेली बॅटरी आल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून) देता येईल तेवढा करंट ओढून घेते, आणि गाडी वाहतुकीत उभी असताना आल्टरनेटरचा पंखा संथ फिरत असल्यामुळे तो तापतो. नव्या गाड्यांतील स्मार्ट आल्टरनेटर तर मूळ बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम कमी करतात. मग दुसरी बॅटरी अर्धवटच भरते. डीसी-डीसी चार्जर दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसतो, करंटला मर्यादा घालतो आणि मूळ बॅटरीकडचे व्होल्टेज काहीही असले तरी दुसऱ्या बॅटरीला १४.२ ते १४.६ व्होल्ट देतो. आपल्याला २० अँपिअरचा पुरे: रोज दोन-सव्वादोन तास गाडी चालली तर दिवसाचा खप भरून निघेल.

बॅटरी सीटखाली किंवा डिकीत ठेवावी. इंजिनाची उष्णता तिचे आयुष्य खाते. उलट, शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही, म्हणून थंड प्रदेशात जाणार असाल तर कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरीतले संरक्षक सर्किट) आहे ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

प्रतिसाद २

वायरबद्दल थोडी भर घालतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर धरले आणि चार्जर २५ अँपिअर ओढतो असे मानले, तर ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे पाऊण व्होल्ट पडतो आणि १० चौरस मिमीमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. १० घ्यावी. ४० अँपिअरचा फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकाशी, वीतभर अंतराच्या आत हवा. वायर मध्येच पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी आणि फ्यूज यांमधला तुकडा कोणीच वाचवत नाही.

लगबाबत, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या जोडाबाबत, अनुभव सांगतो. मी पहिली जोडणी साध्या पकडीने लग दाबून केली होती. मल्टिमीटरवर सगळे ठीक दिसत होते. पण तिसऱ्या प्रवासात डिकी उघडल्यावर तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला, आणि पाहतो तर लगवरची लाल नळी तपकिरी होऊन आकसली होती. वायर हाताने ओढताच लगमधून बाहेर आली. तेव्हापासून हायड्रॉलिक क्रिंपर मागून आणतो आणि प्रत्येक लग जोर लावून ओढून पाहतो.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत आहे, फक्त क्षमतेबद्दल शंका आहे. ५० अँपिअर-तासांपैकी ८० टक्के वापरले तरी ४० होतात, म्हणजे एका दिवसापलीकडे शिल्लक काहीच नाही. एका जागी दोन रात्री मुक्काम असेल तर १०० घ्या, किंवा छतावर सोलर पॅनेल बसवा.

प्रश्नकर्ता

आभार. रिले बाद, बॅटरी सीटखाली, वायर १० चौरस मिमी. आम्ही रोज पुढे सरकतो, त्यामुळे क्षमता ५०च ठेवतो. किती चार्ज उरला हे पाहायला साधा व्होल्टमीटर पुरेल का?

प्रतिसाद १

पुरणार नाही. या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असते. ७० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक दशांश व्होल्टच्या आसपास, आणि फ्रिज चालू असला तर तोही झाकला जातो. ऋण टोकावर शंट (ज्यातून सगळा करंट जातो असा अगदी कमी रोधाचा तुकडा) बसवून आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा मीटर घ्यावा. मात्र फ्रिज, चार्जर आणि चॅसिस यांच्या सर्व ऋण वायरी शंटच्या पलीकडच्या बाजूला जोडाव्यात. एखादी थेट बॅटरीला लागली की मीटर खोटे सांगू लागतो.