शब्द हवा आहे: पुन्हा भिजवलेली पीटजमीन आणि तिच्यातला भात

कोरडवाहू: एका लेखाचं भाषांतर करतेय आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडलेय. विषय स्वित्झर्लंडचा. बर्न आणि न्यूशातेल यांच्या मधे 'ग्रोसेस मोस' नावाचा सखल पट्टा आहे. पूर्वी तिथे दलदल होती. एकोणिसाव्या शतकात कालवे काढून, आरे नदी बीलच्या तळ्यात वळवून ती कोरडी केली आणि भाजीपाला सुरू झाला. जमीन पीटची, त्यामुळे हवा लागल्यावर ती झिजत झिजत खाली बसली. आता काही वावरांत पुन्हा पाणी धरून भात घेऊन बघतायत. आग्रोस्कोप ही तिथली सरकारी कृषी संशोधन संस्था 2017 पासून हे प्रयोग करते आहे. तर 'पुन्हा भिजवलेली पीटजमीन' याला सुटसुटीत मराठी शब्द कोणता? 'पुनरार्द्रीकृत' सुचवणाऱ्याला आधीच दंडवत.

चिखल्या: चिबड जमीन. आमच्या सांगलीकडे उसाला पाणी पाजून पाजून झालेली असते तीच.

कोरडवाहू: चिबड ही तक्रार झाली हो. तिथे मुद्दाम करतायत.

तरवा: चिबड नाही आणि खाजणही नाही. खाजण खाडीकाठचं, खाऱ्या पाण्याचं. शिवाय दोन्हींत मुळात माती असते. पीट म्हणजे पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजून साठलेला पालापाचोळा, शेवाळ, मुळं. शाळेत कोळशाची पहिली पायरी म्हणून घोकलेलं तेच हे. 'पीट' हाच शब्द ठेवा. फक्त कुंडीतल्या कोकोपीटशी गल्लत होणार नाही असं एक वाक्य घाला. कोकोपीट हा सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. पीटऐवजी वापरतात म्हणून पीट म्हणायचं, इतकंच.

जाता जाता: जर्मनमध्ये 'मोस' म्हणजे शेवाळही आणि दक्षिणेकडच्या बोलींत दलदलही. म्हणजे त्या पट्ट्याचं नावच 'मोठी दलदल'. नाव राहिलं, दलदल गेली.

बांधीवाला: खरी अडचण 'वाफसा' या शब्दात आहे. आपल्याकडे वाफसा म्हणजे सुख: ओल आहे, हवा खेळतेय, पेरा. पीटला वाफसा आला की जिवाणूंना हवा मिळते, ते तिला खात सुटतात आणि कार्बन डायऑक्साइड वर जातो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के पीट, पण मातीतल्या कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा तिच्यात. म्हणून तिथे निचरा हा रोग आणि पाणी तुंबणं हा उपाय. आपले निचऱ्याचे सगळे शब्द नेमके उलट्या बाजूचे. 'वाफसा मोडलेली जमीन' म्हणा.

(आणि आमच्या भंडाऱ्याकडे 'धान' म्हणतात, 'भात' ताटात असतो.)

तरवा: 'वाफसा मोडलेली' छान, पण वाचणारा हळहळेल.

पाणकोंबडी: अशा ओल्या शेतीला 'पाल्युडिकल्चर' म्हणतात. लॅटिन 'पालुस' म्हणजे दलदल. संस्कृत 'पल्वल' म्हणजे डबकं, त्याच्याशी व्युत्पत्तीकार नातं जोडतात. तेव्हा 'पल्वलशेती'! मात्र पीट टिकली पाहिजे ही त्यात अट आहे. दरवर्षी चिखलणी करून पीट ढवळली तर तो शब्द लावावा का, हा वाद आहेच. शिवाय पाणी साचून राहिलं की मिथेन सुटतो, तोही हवा तापवणारा वायूच. तो कमी करायला खाचर मधे सुकवावं, तर पीट झिजते. दोन्हीकडून पंचाईत.

चिखल्या: पल्वलशेती म्हटल्यावर आमचा तलाठी सात-बारा परत करेल.

कोरडवाहू: 😄 अजून एक. थंडीने 'दाणे वांझ राहिले' असं लिहिलंय मी.

बांधीवाला: दाणे वांझ नसतात, पोचट असतात. धान पोटरीत असताना, म्हणजे लोंबी अजून पानाच्या वेष्टनातच असताना, रात्री पारा 15 अंशांच्या आसपास घसरला, की परागच नीट तयार होत नाहीत. लोंबी निसवते, पण फोल. जपानात होक्काइदोला त्या दिवसांत बांधीत वीतभर पाणी चढवतात, म्हणजे पोटरीला पांघरूण मिळतं. तिथेही इशिकारीच्या मैदानात पीटवर धान आहे, पण त्यांनी पाण्याचा निचरा केला आणि वर दुसरीकडची माती आणून पसरली. तिला 'क्याकुदो' म्हणतात, शब्दशः 'पाहुणी माती'.

तरवा: पाहुणी माती! आपण नुसती 'भर घातली' म्हणतो.

कोरडवाहू: मग असं लिहिते: 'निचरा बंद करून पुन्हा पाणथळ केलेल्या पीटजमिनीत पोटरीच्या वेळी थंडी पडली, तर भात पोचट निघतो.' सुटसुटीत एक शब्द मिळाला नाही, पण वाक्य वाचता येतंय. 'भात'च ठेवते, बांधीवाले रागावू नका.

बांधीवाला: ठेवा. पण 'लागवड' लिहिलं असेल तर रोप लावलं की बी फोकलं तेवढं बघून घ्या. रोवणी वेगळी, आवत्या वेगळा.