ताडोबा: कोणतं गेट, कोअर की बफर, आणि ज्येष्ठांना झेपेल का?

मृणाल_पुणे

नमस्कार. एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली की ताडोबाला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण आहोत: मी, नवरा, नणंद, आठ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांचं वय बहात्तर, कमरेचा जुना त्रास आहे, पण जंगल बघायची हौस त्यांनाच सगळ्यांत जास्त. पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वेने येऊ, पुढे गाडी करू.

गेटांची नावं वाचून गोंधळ उडालाय. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, शिवाय बफरची, म्हणजे बाहेरच्या पट्ट्याची, वेगळीच. हॉटेल आधी बघू की परमिट? बफरमध्ये वाघ दिसतच नाही असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो बफरच बरं. आणि सासऱ्यांना चार तास उघड्या जीपमध्ये बसणं जमेल का? नीट माहिती असलेल्यांनी सांगा, प्लीज.

रानवाट

मृणालताई, आधी परमिट, मग मुक्काम, आणि रेल्वेचं तिकीट सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि तिथेच सहल फसते.

ताडोबात एका गेटचं परमिट दुसऱ्या गेटवर चालत नाही. कोअरची, म्हणजे आतल्या गाभ्याच्या जंगलाची, गेटं सहा: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी. नकाशावर ती जवळजवळ वाटतात, पण आतल्या रस्त्याने पर्यटकाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाता येत नाही. मुक्काम मोहर्लीला आणि पहाटेचं परमिट कोलाऱ्याचं असेल, तर बाहेरून वळसा घालून दोनेक तास लागतात, म्हणजे रात्री तीनला निघायचं. सासू-सासऱ्यांना घेऊन हे करू नका.

नागपूरहून येणार असाल तर कोलारा किंवा नवेगाव सोयीचं. उमरेड, भिसी, चिमूर असा रस्ता आहे, अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. मोहर्लीला चंद्रपूरवरून जातात. चंद्रपूर स्टेशनपासून ते तीसेक किलोमीटर आहे. ज्यांची रेल्वे चंद्रपूर किंवा बल्लारशाहला थांबते त्यांनी मोहर्ली धरावं. झरी-पांगडीकडून कोलसा परिक्षेत्र लागतं. तिकडे गाड्या कमी आणि जंगल दाट. शांतता हवी असणाऱ्यांना आवडतं, पण पहिल्यांदा येणाऱ्यांना मी ते सुचवणार नाही.

मंगळवारी कोअर बंद असतं. तो दिवस प्रवासात घालवा. मंगळवारी दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचलात की बुधवारी पहाटेची फेरी ताजेतवाने होऊन करता येते.

परमिट वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात आणि त्या तारखा आधी भरतात, म्हणून बुधवार ते शुक्रवार बघा. पैसे एका जिप्सीमागे (सफारीच्या उघड्या जीपमागे) असतात. ड्रायव्हर आणि गाइड सोडून सहा प्रवासी बसतात, तुम्ही बरोबर सहाच आहात. खर्चात प्रवेशशुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन असे तीन भाग असतात; कोणता ऑनलाइन भरला आणि कोणता गेटवर द्यायचा, ते पावतीवर वाचून घ्या. 'सगळं करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी परमिटची प्रत मागा. त्यावर गेटचं नाव, तारीख, सकाळ की दुपार आणि सहाही नावं दिसली पाहिजेत.

ओळखपत्राबाबत गेटवर कुणी सूट देत नाही. बुकिंगला जो नंबर टाकला तेच मूळ ओळखपत्र हातात हवं, मोबाईलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका. मुलीचं आधार कार्डही घ्या. नावं नंतर बदलता येत नाहीत, त्यामुळे येणारी माणसं पक्की झाल्यावरच बुकिंग करा.

बोडीकाठ_चंद्रपूर

रानवाट यांनी गेटांचं बरोबर सांगितलं. मी उन्हाबद्दल लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना आमच्याकडच्या उन्हाचा अंदाज नसतो.

एप्रिलअखेर चंद्रपुरात पारा ४२-४४ अंशांवर जातो, मे महिन्यात ४५ पार. दुपारची फेरी तीनच्या आसपास सुरू होते आणि जिप्सीला छप्पर नसतं. वाघ दिसायला हा काळ सगळ्यांत चांगला, यात वाद नाही: साग, ऐन यांची पानं गळालेली असतात, लहान बोड्या (तळी) आटलेल्या असतात आणि जनावर उरलेल्या पाणवठ्यांवर येतंच. पण बहात्तरच्या माणसासाठी तीच दुपार सगळ्यांत अवघड. तारीख बदलता आली तर मार्चचा पहिला पंधरवडा निवडा. ऊन सोसतं, मोहफुलं पडायला लागलेली असतात आणि ती खायला अस्वलं बाहेर पडतात. शाळेमुळे जमत नसेल तर सासऱ्यांना फक्त सकाळच्या फेऱ्यांना न्या. दुपारी त्यांनी कूलरमध्ये आराम करावा, तुम्ही बाकीचे जा. एक जागा रिकामी राहिली तरी जिप्सीचे पैसे तेवढेच पडतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुपारच्या फेरीला सुती दुपट्टा ओला करून डोक्या-कानावरून घ्या. माणशी किमान दीड लिटर पाणी स्टीलच्या बाटलीत ठेवा, प्लास्टिकची बाटली आत नेऊ देत नाहीत. ओआरएसची पाकिटं किंवा मीठ-साखरेचं पाणी सोबत हवं. मुलं 'तहान नाही' म्हणतात, त्यांना दर अर्ध्या तासाला दोन घोट पाजा. सकाळी मात्र गाडी पळते तेव्हा वारा लागतो, पातळ जॅकेट असू द्या. कपडे मातकट, हिरवे, राखाडी. अत्तर, सेंट लावू नका.

आता कोअर-बफर. कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि भोवतीचा बफर ११०० च्या वर. वाघाला ही हद्द माहीत नसते. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, निमढेला, मदनापूर ही बफरची गेटं आहेत आणि तिथे मादी पिल्लांसह राहते असं अनेक वर्षं घडत आलंय. फरक आहे तो असा: बफरमध्ये गावं आहेत, गुरं चरतात, एप्रिल-मेमध्ये माणसं पहाटे मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला येतात. रस्ते कमी, त्यामुळे दोन तासांत तोच रस्ता पुन्हा लागतो. परमिट मात्र सहज मिळतं आणि स्वस्तही पडतं. कोअरमध्ये ताडोबा तलाव, जामणी, पांढरपौनी असे मोठे पाणवठे आणि पुनर्वसित गावांच्या जागेवर तयार झालेली गवताळ कुरणं आहेत. गवे, रानकुत्रे, सांबरांचे कळप बघायचे तर कोअरच. चार फेऱ्या करणार असाल तर तीन कोअर, एक बफर अशी वाटणी ठेवा. एकाच फेरीवर सगळी आशा ठेवून एवढ्या लांबून येऊ नका.

मृणाल_पुणे

दोघांचेही आभार. बुधवार-गुरुवार-शुक्रवार आणि कोलारा, असं जवळपास ठरलं. दोन शंका राहिल्या. सासऱ्यांना जिप्सीत नेमकं कुठे बसवायचं? आणि मोबाईल नेता येत नाही हे खरं का? घरात एक जुना डीएसएलआर आहे, ७०-३०० लेन्स आहे. तेवढी पुरेल का?

सांबरकॉल

मोबाईल मुक्कामी ठेवून जा. बंदी खरी आहे आणि योग्यही आहे. वाघ दिसल्याचे फोन गेले की पंधरा गाड्या एकाच वळणावर जमतात आणि मधोमध अडकलेल्या जनावराला बाहेर पडायला वाट उरत नाही.

बसण्याचं असं. पुढे ड्रायव्हरशेजारी गाइड, मागे तीन-तीनच्या दोन ओळी. शेवटची ओळ उंच असल्याने दिसतं छान, पण ती मागच्या चाकांवर येते आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्याला लागतो. सासऱ्यांना मधल्या ओळीत, कडेच्या जागेवर बसवा. कडेला धरायला दांडा मिळतो आणि फोटोसाठी मध्येच उठून वाकावं लागत नाही. कमरेचा पट्टा आधीपासूनच बांधलेला असू दे, पाठीमागे छोटी उशी. चढताना पायरी उंच असते, तेव्हा गाडी सपाट जागी लावायला सांगा. निघायच्या आधी ड्रायव्हरला 'मागे कमरेचा पेशंट आहे, हळू घ्या' एवढं स्पष्ट सांगितलं की तो वेग कमी ठेवतो. त्यांच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारा. अलीकडे मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर जिप्सी टाळलेलीच बरी.

लघवीची सोय गेटवर आणि आत ठरवून दिलेल्या जागीच आहे, अधेमधे खाली उतरता येत नाही. म्हणून ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी तासभर चहा टाळावा. साखरेचा त्रास असेल तर गेटवर पोहोचेपर्यंत पोटात काहीतरी गेलेलं हवं. उन्हाळ्यात गेट साडेपाचच्या सुमारास उघडतं, तुम्ही पाचला तिथे असाल. नाश्ता होतो थेट दहाला.

लेन्स पुरेल. अडचण प्रकाशाची येते. पहिला अर्धा तास ३०० एमएमवर आयएसओ १६०० ते ३२०० ठेवावाच लागतो. चालत्या वाघासाठी शटर किमान १/५००. त्याहून कमी ठेवलं की फोटो हलतो आणि लोक लेन्सला दोष देतात. जिप्सीच्या दांड्यावर टेकवायला कापडी पिशवी रिकामी आणा आणि इथे आल्यावर दोन किलो तांदूळ भरा, ट्रायपॉड तिथे उभा राहत नाही. इंजिन चालू असताना फोटो काढू नका, कंप उतरतो. धूळ फार उडते, आत लेन्स बदलायची नाही. गाडी चालत असेपर्यंत कॅमेरा जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवा.

मुलीसाठी फोटोपेक्षा ८x४२ ची दुर्बीण घ्या. वाघ नसेल तेव्हाही तिचे चार तास रिकामे जाणार नाहीत. ताडोबा तलावाच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असते, नीलपंख, मोरघार, तुरेवाला सर्पगरुड सहज दिसतात.

रानवाट

मुलीला जनावरांचे आवाज ओळखायला आधीच शिकवा, जंगल समजायला त्याचा फार उपयोग होतो. चितळाचा इशारा तीक्ष्ण शिट्टीसारखा असतो, पण चितळ घाबरट. बिबट्याला, रानकुत्र्यांना, कधी नुसत्या संशयालाही ओरडतं. शेपटी वर करून पुढचा पाय आपटत एकाच दिशेला बघत असेल तर थांबावं. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखं ओरडतं, आणि त्याला वरून दिसतं, म्हणून त्याची नजर कुठे लागली आहे ते बघायचं. सांबर मात्र उगाच ओरडत नाही. त्याचा मोठा, घुमणारा 'ढांक' पुन्हा पुन्हा आला तर वाघ हलतोय असं बहुतेक वेळा धरता येतं. आवाज एकदाच येऊन बंद झाला तर जनावर बसलंय किंवा दाटीत गेलंय.

पगमार्क (वाघाच्या पावलाचा ठसा) बघताना तो टायरच्या खुणेच्या वर आहे की खाली, हे पाहा. पाऊल टायरच्या खुणेवर उमटलं असेल तर गाडी गेल्यानंतर वाघ गेलाय. टायरने पाऊल मोडलं असेल तर ते आधीचं. कडा धारदार असतील, त्यावरून किड्यांची रांग गेलेली नसेल, तर ते ताजं. वाघ मऊ धुळीच्या रस्त्यानेच चालतो, कारण वाळलेल्या पाचोळ्यात पावलांचा आवाज होतो आणि तळवे उघड्या दगडांवर भाजतात.

एप्रिलच्या दुपारी गाडी सारखी पळवण्यात अर्थ नाही. पाणवठ्यावर सावलीत इंजिन बंद करून पाऊण तास बसा. वाघ पाण्यात बहुधा मागे सरकत उतरतो, मागचा भाग आधी बुडवतो. उन्हं कलली की उठून चालू लागतो आणि नेमकं तेव्हाच कंटाळून निघून गेलेल्या गाड्या परत येत असतात.

बोडीकाठ_चंद्रपूर

गाइड आणि ड्रायव्हरबद्दल एक राहिलं. दोघेही पाळीने मिळतात, त्यात निवड नसते. आसपासच्या गावांतले लोक आहेत, स्त्री गाइडही आहेत. 'वाघ दाखवलात तर जास्त देऊ' असं कधीही म्हणू नका. त्या एका वाक्याने गाडी वेग धरते आणि दुसऱ्या गाड्यांना कट मारून पुढे घुसते. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगा की आम्हाला घाई नाही, जे दिसेल त्याची माहिती द्या. फेरी झाल्यावर खूश असाल तर, वाघ दिसो न दिसो, हातात द्या.

जनावरापासून किमान वीस मीटर आणि दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर अंतर ठेवावं, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. गर्दीत ड्रायव्हर विसरला तर प्रवाशाने आठवण करून द्यावी, तुमचं तो ऐकतो. वाघ रस्त्याने समोरून येत असेल तर गाडी एका कडेला घेऊन त्याची वाट मोकळी करायची किंवा सावकाश मागे घ्यायची. उभं राहायचं नाही, मुलीला कठड्यावर चढवायचं नाही. पिल्लं असतील तर दोन-चार मिनिटांत निघा, मागच्यांनी कितीही हात केले तरी.

परतीचा एक धोका. चिमूर किंवा चंद्रपूरकडे जाणारे रस्तेही जंगलातूनच जातात. संध्याकाळनंतर फोटोसाठी किंवा लघवीसाठी गाडी थांबवून झाडीत उतरू नका. त्या भागात वाघाच्या हल्ल्यात गावकरी दगावतात. शुक्रवारी दुपारची फेरी ठेवलीत तर मुक्काम आणखी एक रात्र वाढवा आणि शनिवारी उजाडल्यावर नागपूरला निघा.